हलू नका

तिने चित्र दुप्पट मोठं केलं, मग चौपट, आणि मग बाहीच्या टोकाने स्क्रीनवरचा डाग पुसून पाहिला. डाग गेला नाही, कारण तो माणूस होता.

सुट्टीची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला तिचा लॅपटॉप, मध्ये उकडलेल्या अंड्यांचं भांडं आणि समोर तिचे सासरे. आपल्या मुलाने आदल्या दिवशी सोडवलेलं शब्दकोडं खोडून ते पुन्हा सोडवत होते.

“बाबा, जरा इकडे बघता का?”

“जलचर, तीन अक्षरी,” सासरे म्हणाले. “तुझ्या नवऱ्याने ‘टॉवेल’ लिहिलंय.”

“बाबा, आकाशात माणूस आलाय.”

“विमान असेल.”

“विमानाला पाय नसतात.”

सासऱ्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि खुर्ची तिच्या बाजूला ओढली.

तिचा कॅमेरा जुना होता, सेकंडहँड घेतलेला. त्याच्याबरोबर फुकट आलेली साधी लेन्स तिने कधी बदलली नव्हती. ट्रायपॉडच्या एका पायाला चिकटपट्टीचा जाड वेढा होता, आणि वाऱ्याने तो डुगडुगू नये म्हणून मधल्या दांड्याला ती कांद्यांची पिशवी टांगायची. अंधार पडला की गच्चीच्या कोपऱ्यात हा सगळा संसार मांडायचा, शटरच्या बटणावर खोडरबराचा तुकडा ठेवायचा, वरून रबरबँड गुंडाळायचा. बटण दाबलेलंच राहायचं आणि कॅमेरा पंधरा-पंधरा सेकंदांचे फोटो काढत सुटायचा. सासरे शेजारी स्टुलावर बसून राहायचे. त्यांच्या मते ते कांद्यांवर लक्ष ठेवायला बसत.

अशा एका फोटोत काही नसायचं. मातकट अंधार आणि चार-सहा तारे. पण तसे शंभरेक फोटो संगणकात एकमेकांवर ठेवले की पाणी निवळावं तसा अंधार निवळत जायचा, आणि डोळ्याला कधीच न दिसलेलं आकाश वर यायचं. जे सगळ्या फोटोंत आहे ते उरायचं, जे एखाद्यातच आहे ते गळून पडायचं. विमानं, वटवाघळं, टॉर्च घेऊन टाकी बघायला आलेला शेजारी, सगळे गळायचे.

त्यात एक मेख होती. तारे सरकत राहतात. त्यामुळे एक तर आकाश धरायचं, नाही तर जमीन. आकाश धरलं की प्रोग्राम ताऱ्यावर तारा नेमका बसवतो, आणि जमिनीवरचं सगळं, पाण्याची टाकी, अँटेना, कपडे वाळत घालायच्या तारा, ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखं फरपटतं. जमीन धरली की उलट.

तिने आकाश धरलं होतं. टाकी फरपटली होती, अँटेना फरपटली होती. कृत्तिका आणि रोहिणीच्या मधला माणूस मात्र ठसठशीत होता.

“म्हणजे तो ताऱ्यांबरोबर सरकतोय,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं आणि स्क्रीनला नाक लागेल इतके पुढे झुकले. आयुष्यभर त्यांनी पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवला होता, भिंग अजून खिशात असायचं. मग म्हणाले, “वाकलाय.”

“कशावर?”

“तीन पाय दिसतायत, वर पेटी. ट्रायपॉड आहे. साधाच आहे बिचाऱ्याचा.” त्यांनी भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. “फोटो काढतोय तो.”

“कोणाचा?”

“आपल्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणजे आपलाच की. दुसरं कोण आहे इथे?”

तिने मागे वळून खिडकीबाहेर पाहिलं. आकाश निळंभोर होतं, आणि त्यात काही नव्हतं. सासरे शब्दकोड्याकडे परतले. ‘टॉवेल’ खोडून त्यांनी ‘कासव’ लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

*

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर माणसं वर-खाली नेणाऱ्या यंत्रांत डोकं घालून तो घरी यायचा, त्यामुळे वर कोणी असण्याचं त्याला विशेष वाटलं नाही. हातावरचं ग्रीस पुसत त्याने चित्र पाहिलं.

“लेन्सवर काहीतरी असेल.”

“लेन्सवरचा डाग एका जागी राहतो. हा सरकतोय.”

“मग वरचा भाडेकरू असेल. भाडं देतो का विचार.”

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव ‘वरचा’ पडलं. एकदा नाव पडलं की माणसाला काहीही अंगवळणी पडतं. आज ढग आहेत, वरच्याची सुट्टी. वरच्याने कालपासून पेटी बदललेली दिसते. वरच्याला सर्दी झाली नसेल ना, केवढी थंडी आहे. नवरा हसायचा, तीही हसायची. दर स्वच्छ संध्याकाळी ती फोटो काढायची, आधीच्यांत मिळवायची, आणि फोटो वाढत गेले तसा वरचा स्पष्ट होत गेला. चेहरा मात्र दिसेना. तो पेटीमागे होता.

सासरे हसत नव्हते. त्यांनी कोट बाहेर काढला. तो त्यांच्या बायकोच्या शेवटच्या आजारपणापासून कपाटात होता. बाह्यांवर ब्रश मारला, केसांना तेल लावून भांग पाडला आणि अंधार पडायच्या आधीच ते गच्चीत जाऊन बसू लागले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी किंचित खाली. स्टुडिओत येणाऱ्या हजारो लोकांना त्यांनी बसवलं होतं, नेमके तसे.

“बाबा, कुठे निघालात नटूनथटून?” नवऱ्याने विचारलं.

“फोटोला.”

“किती कॉपी सांगू?”

“गाढवा,” सासरे म्हणाले, “माझा एक तरी फोटो आहे का या घरात?”

नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आईचा होता. आईचा आणि त्याचा होता, शाळेच्या गणवेशातला, पोहण्याच्या शर्यतीतला. त्याच्या लग्नातले सगळे होते. त्या सगळ्या फोटोंत बाबा होतेच, पण कॅमेऱ्यामागे.

“मोबाईलवर काढतो ना. आत्ता काढतो. हसा.”

“घरच्या माणसाने काढलेला फोटो कधी चांगला येत नाही,” सासरे म्हणाले आणि जिना चढू लागले.

*

त्या घरात दोन माणसं अशी होती की ज्यांनी ‘हलू नका’ एवढं सांगून पोट भरलं. एक सासरे. दुसरी ती. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासू-सासऱ्यांशी काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे सगळ्यात जास्त कोण हलतं? ती म्हणाली, ज्यांना दुखत नाही ते. सासरे खूश झाले होते. आमच्याकडेही तसंच, ते म्हणाले होते. पोलिसात लागलेले आणि नवरदेव. तेव्हापासून नवऱ्यापेक्षा तिचं त्यांच्याशी जास्त जमायचं.

म्हणून त्यांच्यात काय बदल होतोय ते तिला आधी दिसलं.

पहिले काही दिवस ते जेवायला हाक मारली की उठायचे. मग दुसऱ्या हाकेला. मग ती वर जाऊन खांद्याला हात लावायची तेव्हा. बोलायचे, पण ओठ न हलवता, पोटातून आल्यासारखं.

“बाबा, ताट वाढलंय.”

“इतक्यात नको. त्याचं चालू आहे.”

“तुम्हाला कसं कळतं चालू आहे ते?”

“अजून झालं म्हणाला नाही.”

स्टुडिओतला त्यांचा नियमच तो होता. फोटोवाला झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही. ज्यांनी तो पाळला नाही त्यांचे दोन डोक्यांचे, तीन कानांचे फोटो त्यांनी काउंटरवरच्या काचेखाली लावून ठेवले होते, बाकीच्यांना धडा म्हणून. आता नियम मोडून स्वतः तीन कानांचे व्हायला ते तयार नव्हते.

तिच्या फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात टाकी आणि त्यांचं स्टूल यायचं. एकदा गंमत म्हणून तिने आकाश सोडून जमीन धरली. जमीन धरल्यावर टाकी ठसठशीत यायला हवी. ती आली, पण वाऱ्याने टाकीचं झाकण थोडं थरथरत असणार, कड किंचित पुसट होती. बाबांची कड पुसट नव्हती. गच्चीवरच्या सगळ्या वस्तूंत बाबा सर्वांत स्थिर होते.

ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, “वय झालं की माणूस शांत होतो.” तिने त्याला ते चित्र दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “स्टूल बदलायला पाहिजे. पाय किती मोडकळीला आलेत बघ.”

मग बाबांना खोकला लागला, आणि तिला बरंच वाटलं. खोकणारा माणूस हलतो. ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

एक्स-रेच्या खोलीत दुपारी गर्दी नव्हती. तिने त्यांचा शर्ट काढून घेतला, छाती पाटीला टेकवून उभं केलं, खांदे पुढे ढकलले. थंडगार होते. काचेमागे जाऊन ती नेहमीचं म्हणाली.

“दीर्घ श्वास घ्या. रोखा. हलू नका.”

मशीन गुरगुरलं, थांबलं.

“झालं. सोडा श्वास.”

ती स्क्रीनकडे वळली. नाव टाकलं, बाजू टाकली. मग तिच्या लक्षात आलं की खोलीत काही आवाज होत नाहीये. श्वास सोडल्याचा नाही, खोकल्याचा नाही, पायाचा नाही. तिने काचेतून पाहिलं. सासरे पाटीला टेकून तसेच उभे होते. ओठांचा रंग बदलत चालला होता.

“बाबा! झालं म्हटलं ना!”

ती धावत आत गेली आणि त्यांच्या पाठीत थाप मारली. त्यांनी श्वास सोडला, आणि मग खोकत, दम खात, पण अगदी सहज म्हणाले, “तू म्हणालीस होय? मला वाटलं, त्याने म्हणायचं असतं.”

एक्स-रे तिने स्वतः उजळून पाहिला. फुप्फुसं स्वच्छ होती. दवाखान्याचं मशीन जुनं, जरा वेळखाऊ. त्यामुळे त्यावर काढलेल्या प्रत्येक एक्स-रेत हृदयाची कड किंचित पुसट यायची. हृदय कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. एवढ्या वर्षांत तिने हजारो हृदयं पाहिली होती आणि सगळ्यांची कड तशीच, पिसासारखी मऊ. बाबांची कड ब्लेडने कापल्यासारखी होती.

मागून डॉक्टरीणबाई डोकावल्या. “वा. किती सुरेख आलाय. पेशंट कोण?”

“सासरे.”

“तरीच. घरचा माणूस शहाण्यासारखं ऐकतो.” त्या चहाचा कप घेऊन निघून गेल्या.

*

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याचा टॉर्च घेतला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वापरायचा, हातभर लांब, डोळे दिपवणारा. कॅमेरा तिने खालीच ठेवला. गच्चीवर अंधार नीट पडला होता. सासरे कोटात, स्टुलावर. खांद्यावर कबुतर बसलेलं होतं. तिला पाहून ते उडालं. सासरे दचकलेही नाहीत.

उघड्या शटरसमोर उजेड मारला की फोटो वाया जातो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेजाऱ्याने तिचे असे कितीतरी वाया घालवले होते. तिने टॉर्च पेटवला, रोहिणीच्या उजव्या अंगाला रोखला आणि हात वर करून जोरजोरात हलवू लागली. मग बाबांच्या समोरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारायला लागली. समोरच्या इमारतीत कोणीतरी पडदा सारून बघितलं आणि पुन्हा ओढला.

“काय करतेस?” सासरे ओठ न हलवता म्हणाले.

“तुमचा फोटो बिघडवतेय.”

“बंद कर.”

“तुम्ही उठा, मी बंद करते.”

“सूनबाई.”

ते उठले नाहीत, पण त्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांत तिने त्यांची मान वळलेली पाहिली नव्हती. डोळ्यांत पाणी होतं. ती फेऱ्या मारायची थांबली.

“लग्नाच्या दिवशी,” सासरे म्हणाले, आता ओठ हलवून, भराभर, “मी स्वतःच कॅमेरा लावला होता. टायमर लावला आणि पळत तिच्याशेजारी जाऊन बसलो. मला वाटलं पोचलो. फिल्म धुवून बघतो तर ती एकटी खुर्चीवर, छान हसतेय, आणि शेजारी धूर. नुसता धूर. जन्मभर चिडवायची मला. म्हणायची, माझं लग्न धुराशी लागलंय. मग ती गेली. आता तुम्ही तिच्याशेजारी भिंतीवर काय लावणार आहात? कॅमेरा लावणार?”

तिने टॉर्च खाली केला.

“पहिल्यांदा कोणीतरी माझा काढतंय. मला नाही माहीत कोण आहे. चांगला काढतोय एवढं कळतं. घाई करत नाही. त्याला संपवू दे, गं.”

“बाबा, तुम्ही जेवत नाही. तुमचं अंग गार पडलंय. आज दुपारी तुम्ही श्वास सोडायला विसरलात.”

“झाला की उठतो.”

“आणि नाही म्हणाला तो झालं तर?”

“मी कधी कोणाला बसवून ठेवून विसरलोय का? धंद्यातला माणूस आहे तो. विसरत नाही.”

टॉर्च तिच्या हातात जड झाला होता. तिला वाटलं, आत्ता याच क्षणी त्यांना काखेत धरून उठवावं, ओढत खाली न्यावं. ओढून नेण्याइतके ते हलके झाले होते. पण ते तिच्याकडे असे बघत होते की जणू बिघडवायचा की नाही ते तिच्याच हातात आहे. आणि ते होतंच.

“झाल्यावर लगेच खाली यायचं,” ती म्हणाली.

“लगेच.”

“शब्द द्या.”

“दिला.”

तिने टॉर्च विझवला. अंधाराला सरावायला डोळ्यांना वेळ लागला. तोवर सासऱ्यांनी मान पुन्हा सरळ केली होती, हनुवटी किंचित खाली.

*

दुसऱ्या संध्याकाळी आकाश त्या हिवाळ्यातलं सगळ्यात स्वच्छ होतं. तिने कॅमेरा लावला, रबरबँड गुंडाळला, आणि स्वयंपाकाला खाली आली. सूप गरम होतंय तोवर जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी शीळ घालत उतरत होतं.

सासरे दारात उभे राहिले. कोट खांद्यावर टाकलेला.

“झालं,” ते म्हणाले. “हात केला त्याने.”

नवऱ्याने त्यांना मिठीच मारली. मग सगळे जेवायला बसले. सासऱ्यांनी दोनदा सूप घेतलं, पाव घेतला, पुन्हा घेतला. नवऱ्याने लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन वकिलांचा किस्सा सांगितला. तो किस्सा सासऱ्यांनी आधी अनेकदा ऐकला होता आणि दरवेळी कंटाळून उठले होते. आज मांडीवर थाप मारून हसले. सूप अळणी झालं होतं, ती मीठ विसरली होती. नवऱ्याने मीठ मागितलं. सासऱ्यांनी काही मागितलं नाही. रोज मिठावरून बोलणारे सासरे शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. चेहऱ्यावर बारीक हसू होतं, फोटोला लागतं तेवढंच. जेवताना ते गेलं नाही.

“चांगलं झालं ना,” रात्री भांडी पुसताना नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. “बघ, बाबा परत आले.”

पलीकडच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. ती तो ऐकत राहिली. लयबद्ध, भरदार. तिचा जीव भांड्यात पडला. गच्चीवर राहिलेला कॅमेरा तिला पहाटे आठवला. तिने जाऊन आणला तेव्हा बॅटरी संपेपर्यंत त्याने काढायचे तेवढे फोटो काढून ठेवले होते.

सकाळी, दवाखान्यात दुपारची पाळी असल्यामुळे, तिला वेळ होता. तिने आकाश धरलं. कृत्तिका, रोहिणी, मधली जागा. तिथे कोणी नव्हतं. वरचा गेला होता, पेटी आणि तीन पाय घेऊन गेला होता. त्याच्या पाठीमागे इतके दिवस झाकलेला एक मंद तारा आता दिसत होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने हसली.

“काय गं?” नवऱ्याने दाढी करता करता विचारलं.

“वरच्याने खोली सोडली.”

“भाडं बुडवून?”

मग तिने जमीन धरली. काहीच कारण नव्हतं. एवढ्या स्वच्छ हवेत गच्चीचं चित्र कसं येतं ते बघावं, एवढंच. टाकी आली, तारा आल्या, स्टूल आलं. स्टुलावर बाबा आले, कोटात, हात गुडघ्यांवर.

येणारच. सुरुवातीला ते बसलेच होते.

तिने ते उठायच्या आधीचे सगळे फोटो काढून टाकले. फक्त नंतरचे ठेवले, ते खाली सूप पीत होते तेव्हाचे, हसत होते तेव्हाचे, घोरत होते तेव्हाचे. एकेक उघडून पाहिला. प्रत्येकात मातकट अंधार आणि रिकामं स्टूल. मग तिने ते एकमेकांवर ठेवले आणि थांबली. अंधार निवळत गेला.

बाबा स्टुलावर होते. आधीपेक्षा स्पष्ट. हनुवटी किंचित खाली. चेहऱ्यावर हसू मात्र नव्हतं. तिथे वाट बघत असलेल्या माणसाचा चेहरा होता.

“सूनबाई,” मागून आवाज आला. तिने लॅपटॉप मिटला. सासरे पातेलं हातात घेऊन उभे होते. “चहा टाकू का तुला?”

या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी कधी गॅस पेटवलेला तिने पाहिला नव्हता.

“टाका,” ती म्हणाली.

चहा उत्तम झाला होता. सासरे तिच्यासमोर बसून ती पिते कशी ते बघत होते. नवरा दाढी पुसत आला, त्यानेही कप घेतला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, बघितलंस? ती हसली. दुसरं काय करणार. दोघंही खूश होते आणि त्यांना सांगण्यासारखं तिच्याकडे एका चित्राशिवाय काही नव्हतं. झालं की उठायचं, एवढंच तिने मागितलं होतं. उठून खाली आला होता तो हा होता, आणि बाबा वर अजून बसलेले होते.

*

संध्याकाळी दवाखान्यातून येऊन ती चपला न काढता सरळ वर गेली. स्वयंपाकघरातलं दुसरं स्टूल सोबत नेलं. गच्चीत अंधार पडत होता. बाबांचं स्टूल होतं तिथेच होतं आणि रिकामं होतं. तिने त्याच्यावरून हात फिरवला नाही. काही लागलं असतं तर काय, आणि नसतं लागलं तर काय, दोन्ही तिला नको होतं.

तिने आपलं स्टूल त्याला चिकटून ठेवलं. ट्रायपॉड कठड्यापाशी उभा केला, लेन्स आकाशाकडे न करता दोन स्टुलांकडे वळवली. बटण दाबायच्या आधी सवयीने म्हणाली, “हलू नका, बाबा.” मग स्वतःशीच मान हलवली, रबरबँड चढवला आणि येऊन बसली. पाठ ताठ. हात गुडघ्यांवर.

शटर उघडल्याचा आवाज आला. खाली स्वयंपाकघरात कोणीतरी गोष्ट सांगत होतं आणि कोणीतरी मांडीवर थाप मारून हसत होतं. मग जिन्याशी नवऱ्याची हाक आली.

“अगं, ये ना जेवायला! बाबा थांबलेत तुझ्यासाठी!”

तिने उत्तर दिलं नाही. ओठ हलले असते.

वारा सुटला होता. टाकीच्या बाजूने येत होता, जोरात. तारांवर विसरलेले कपडे आडवे झाले होते, टाकीचं झाकण वाजत होतं. तिच्या आणि टाकीच्या मध्ये फक्त ते एक रिकामं स्टूल होतं. तिच्या केसांची एक बटसुद्धा हलत नव्हती.